आप्पांची झोप

क्वार्टरच्या चौकटीवर खिळा अजून आहे. दार नाही, खिडक्या कुणीतरी काढून नेल्या आहेत, मोरीच्या फरशीतून एरंड उगवला आहे, आणि बाहेरच्या भिंतीवर रेल्वेच्या लोकांनी मोठी फुली मारून ठेवली आहे. म्हणजे ही ओळ पाडायच्या यादीत. मी दौंडला आले होते शाळेच्या कामाला, एका कागदावर शिक्का घ्यायला. शिक्का देणारे साहेब जेवायला गेले होते, म्हणून पाय इकडे वळले. पाय वळले, असं आपलं म्हणायचं. खरं म्हणजे स्टेशनापासून इथपर्यंत मी कुठं न थांबता चालत आले, आणि ओट्याजवळ पोचल्यावर चपला काढून हातात घेतल्या, वाजू नयेत म्हणून. आत झोपलेलं कुणी नाही. आप्पांना जाऊन चार वर्षं झाली.

त्या खिळ्यावर लाल फडकं असायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडच्या यार्डात पॉइंट्समन होते. मालगाड्यांचे डबे तोडायचे, जोडायचे, रूळ फिरवायचे, रात्री हातात दिवा घेऊन दोन डब्यांच्या मधे शिरायचं, हे त्यांचं काम. पाळी आठवड्याला बदलायची, आणि तीनपैकी दोन पाळ्यांत ते दिवसा झोपायचे. ते आडवे झाले की आई जुन्या झेंडीचं लाल फडकं खिळ्याला अडकवायची. भाजीवाली, दूधवाला, पोस्टमन, सगळ्यांना ठाऊक होतं. लाल दिसलं की हाक मारायची नाही, गपचूप पुढच्या दाराला जायचं.

आमच्या घरात कुकर नव्हता. कुकर परवडत होता, शिट्टी परवडत नव्हती. आई वरण उघड्या पातेल्यात शिजवायची. भाकरी थापताना बांगड्या कोपरापर्यंत सरकवायची, आणि थापायची अशी की शेजारणीला वाटावं, ही पिठाला गोंजारतेय. पावसाळ्यात छत गळायचं, तर गळतीखालच्या पातेल्यात चिंधी टाकून ठेवायची, म्हणजे थेंब वाजत नाही. उन्हाळ्यात खिडकीला ओलं गोणपाट. त्या गोणपाटाचा मातकट वास, खुंटीवरच्या आप्पांच्या कपड्यांचा ग्रीसचा आणि तापल्या लोखंडाचा वास, आणि अंधारात त्यांचा संथ श्वास. माझं लहानपण म्हटलं की हे तिन्ही एकदम येतात. घरातली वंदनासुद्धा आम्ही मायलेकी ओठांतल्या ओठांत म्हणायचो. बुद्धाला ऐकू जात असेल, अशी माझी समजूत होती.

आता कुणी म्हणेल, रुळांशेजारी राहणाऱ्या माणसाला चिंधीची काय गरज? खरंच आहे. अंगणाच्या कुंपणापलीकडून पन्नास डब्यांची मालगाडी जायची, भांडी थरथरायची, आणि आप्पा कूसही बदलायचे नाहीत. गाडीनं त्यांना कधी जाग आली नाही. त्यांना जाग यायची माणसाच्या आवाजानं. यार्डात माणूस कमी पडला की कॉलवाला सायकलवर यायचा आणि दाराबाहेरून हाक मारायचा, "सोनवणे, चला!" कित्येक वर्षं ती एकच हाक ऐकून त्यांचं अंग असं झालं होतं की कुणीही जरा मोठ्यानं बोललं, की झोपेतल्या झोपेत त्यांचा हात दिवा शोधायला लागायचा. कॉलवाल्याला लाल फडकं लागू नव्हतं. बाकी सगळ्या जगाला होतं, आणि घरात ते पाळायची जबाबदारी माझी होती.

मी ओट्यावर बसून पहारा द्यायची. शाळा दुपारची, त्यामुळे सकाळ माझीच. ओळीतली इतर मुलं भीमेकडे जाऊन ओरडून यायची, मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून दाखवायची. आई म्हणायची, "झोप पुरी न झाल्याल्या मानसानं यार्डात जाऊ नये." त्यापुढचं ती बोलायची नाही. बोलायची गरजही नव्हती. पलीकडच्या ओळीत एक मामा कुबडी घेऊन ओट्यावर बसलेले असायचे. त्यांचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता, आणि पूर्वी ते आप्पांच्याच पाळीत होते. ते कसं झालं, हे मी कधी विचारलं नाही. शाळेतून येताना त्यांच्याकडे न बघता यायची, आणि घरात शिरल्यावर आधी चादरीखाली आप्पांचे दोन पाय मोजायची. काळजी करण्यात माझा हात धरणारं दौंडमध्ये कुणी नव्हतं.

हे सगळं करता करता माझा आवाज कधी गेला, ते घरात कळलंच नाही. घरात तो कुणाला लागतच नव्हता.

शाळेत कळलं. नववीच्या पहिल्या तोंडी परीक्षेत मी कविता पूर्ण म्हटली, एकही शब्द न चुकता. बाईंनी वहीतून मान वर केली आणि म्हणाल्या, "कर सुरुवात." मी म्हणून संपवली होती. पुन्हा म्हटली. त्यांना पुन्हा काही ऐकू आलं नाही, आणि मागं रांगेत तीसेक मुली उभ्या होत्या. प्रगतिपुस्तकात शेरा आला: बोलत नाही, तयारी नाही. तोंडीला शून्य. मुख्याध्यापिकांनी आईला शाळेत बोलावून सांगितलं, की लेखीत जेमतेम आहे, वार्षिक तोंडीलाही असंच झालं तर हिला नववीतच ठेवावं लागेल. आई पदर सावरत कुजबुजली, "व्हय बाई, व्हय." मुख्याध्यापिकांनाही तिचं बोलणं ऐकू आलं नाही. खाण तशी माती, असं त्यांनी मनात म्हटलं असणार.

नववीत पुन्हा बसणं आमच्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. मुलगी नापास झाली की शाळा संपली. सणसवाडीला माझी मावशी खोली करून राहायची. तिथं नवनव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, पॅकिंगला मुली लागायच्या. मावशी दर सणाला आईला म्हणायची, "दे की माझ्याकडं धाडून. तितं दिसभर तोंड उघडायला लागत न्हाई. हिच्यासारखीला बेस हाय." ती प्रेमानंच म्हणायची. मला मात्र शाळा हवी होती. का हवी होती, ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, आणि सांगितलं असतं तरी ऐकू गेलं नसतं.

माझ्याकडे होते ते पाय. जगदाळे सर आम्हाला पीटी शिकवायचे. भीमेकाठी त्यांचा ऊस होता, सकाळी पाणी धरून ते शाळेत यायचे, आणि त्यांचा आवाज बांधावरून नदीपलीकडे जाणारा. त्यांनी मला एकदा घंटा झाल्यावर फाटकाकडे पळताना बघितलं आणि सरळ खो-खोच्या संघात घातलं. संध्याकाळी पाच वाजता मैदानावर पाणी मारायचे, त्या ओल्या मातीचा वास आला की माझ्या पायांत काहीतरी सुटायचं. पळणारीला मी खांबापर्यंत पोचू द्यायची नाही. अडचण एकच. खो देताना बसलेल्या मुलीच्या पाठीवर थाप आणि तोंडानं खो, दोन्ही एकदम व्हावं लागतं, आणि पंचाला ऐकू जावं लागतं. माझी थाप पडायची, तोंड हलायचं, आणि शिट्टी वाजायची. फाऊल. बसलेल्या मुली तर मला चिडवायच्या, की हिचा खो पाठीला कळतो, कानाला कळत नाही. सर म्हणाले, "ह्या पोरीला देवानं पाय दिलं आन् आवाज द्यायचा इसरला."

एका रविवारी भर दुपारी सर आमच्या ओट्यासमोर सायकल लावून उभे राहिले. मी पहाऱ्यावर होते. लाल फडकं खिळ्यावर होतं. पण शेतकरी माणसाला त्याचं काय? त्यांना वाटलं, कुणीतरी फडकं वाळत घातलंय. मी दोन्ही हात हलवले, ओठांवर बोट ठेवलं, फडक्याकडे दाखवलं. सरांनी तिकडे बघून मान डोलावली आणि हाळी दिली, "ओ सोनवणेऽऽ! हायसा का घरात?"

आत धडपड झाली. आप्पा बाहेर आले ते शर्टाची एक बाही घातलेली, हातात दिवा, भर उन्हात. सरांना बघून ओशाळले. आई आतून माझ्याकडे अशी बघत होती, जणू सिग्नल मीच चुकवला होता.

सर ओट्यावर टेकले. म्हणाले, "तुमची पोरगी पळाया लागली म्हंजी वारं मागं पडतं. पन तोंड उघडंना. तोंडी परीक्षेतबी तेच, बाई सांगत व्हत्या. घरात लई रागावता का तिला?"

"न्हाई वो सर," आप्पा म्हणाले. "आमच्या घरात आवाजच न्हाई कुनाचा. ओळीत कुनालाबी इचारा." हे त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी ऐकू आल्यासारखं झालं. त्यांनी खिळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दिवा हळूच खाली ठेवला.

"घरात निघंना तर मैदानात कुठनं निघंल?" सर म्हणाले. उठताना आणखी एक बोलले, "आन् एकांदा दिस तुमच्यातलं कुनीतरी येऊन कडंला बसा. आईबाप कडंला असलं की पोरं येगळी खेळत्यात. म्या बघितलंय."

दुसऱ्या दिवशी आप्पा रात्रपाळीहून आले, आंघोळ केली, भाकरी खाल्ली आणि अंथरुणावर पडून मला म्हणाले, "तायडे, मागल्या अंगनात हुबी ऱ्हा आन् खो म्हन. धा येळा. म्या झोपतो."

"तुमी उठाल, आप्पा."

"उठंन की. उठलो म्हंजी समजायचं, आवाज निघाला."

माझ्या आयुष्यात इतकी भीतीदायक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी अंगणात जाऊन उभी राहिले. आईला त्यांनी समोर उभं केलं होतं, आधी नळापाशी, मग रोज थोडं लांब, कपड्यांच्या तारेपाशी, पुढं रुळांच्या कुंपणापाशी. तिला माझा खो ऐकू आला की तिनं हात वर करायचा. पहिले कितीतरी दिवस तिचा हात खालीच. मी तोंड उघडायची, आणि घसा आतून कुणीतरी आवळायचं. संध्याकाळी आप्पा उठले की म्हणायचे, "आज न्हाई उठलो, बाई." त्यांचा चेहरा पडलेला असायचा. मी मनातून खूश असायची. आज त्यांची झोप झाली.

जाग्या वेळात ते शिकवायचे. "गळ्यातनं न्हाई काढायचा. पोटातनं. पोट आत घे आन् सोड." मग स्वतः करून दाखवायचे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ज्या माणसाला आम्ही चिंध्या टाकून जपत होतो, तो रात्रभर इंजिनाच्या वरताण ओरडत असतो. तीस डबे पलीकडच्या ड्रायव्हरला त्यांची "आने दे, आने दे, बस्स!" ऐकू जायची. घरात मात्र ते आमच्यासारखेच हळू बोलायचे. इतकी वर्षं आम्ही एकमेकांसाठी गप्प होतो.

आणि मग एका सकाळी आवाज निघाला. कसा ते सांगता येत नाही. आईचा हात कुंपणापाशी वर गेला, आणि मागच्या दारात आप्पा उभे, डोळे लाल, हसताहेत. "उठलो! उठलो गं!" मीही हसले. आई हसली नाही. तिनं सूर्याकडे बघून अंदाज घेतला.

"घंटाभर झोप झाली तुमची," ती म्हणाली. "रातच्याला काय करताल?"

"च्या पिईन."

"च्यानं पाय वाचत न्हाईत."

ते वाक्य माझ्या कानात जाऊन बसलं. त्यानंतर मी एक लबाडी सुरू केली. खो द्यायची तो अर्धाच. आईचा हात वर जाईल इतपत, आणि आप्पांची झोप मोडणार नाही इतपत. दोन्ही डगरींवर हात ठेवून मी ते सगळे थंडीचे दिवस काढले. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी साडेआठला त्यांच्या सायकलची घंटी वाजेपर्यंत मला घास उतरायचा नाही. घंटी वाजली की पाय बघायची. तालुक्याचे सामने त्या अर्ध्या आवाजावरच निघाले, कारण तिथले पंच अगदी जवळ उभे राहायचे. पुढची फेरी शिरूरला होती.

आम्ही मुली सरांबरोबर पहाटेच्या एसटीनं गेलो, चौफुल्यावरून, न्हावऱ्यावरून. शिरूरचं ते मैदान मला आजही जसंच्या तसं दिसतं. फक्कीच्या पांढऱ्या रेषा, तेल पाजलेले खांब, मार्केट यार्डाकडून येणारा कांद्याचा उग्र वास आणि घोडनदीवरून येणारं गार वारं. शिरूरला रेल्वे नाही. आवाज येतात ते सगळे माणसांचेच. त्यामुळे मला सकाळपासूनच कसंतरी होत होतं.

आमचा पाठलाग सुरू होणार इतक्यात आई आणि आप्पा आले. आप्पा रात्रपाळी संपवून, घरी न जाता, तसेच यार्डाच्या कपड्यांत एसटीला बसले होते. माझ्यासाठी घरचं कुणी कडेला येऊन बसण्याची ती पहिली वेळ. ते मैदानाच्या कडेला भिंतीला टेकून बसले, आणि पहिला खो पडायच्या आत त्यांची मान कलली.

मला खो मिळाला. उठले, पळाले, पळणारीला कोपऱ्यात आणलं, पुढच्या मुलीच्या पाठीवर हात टाकला, आणि नेमके समोर आप्पा. तोंड उघडं, गाढ झोपलेले. माझा घसा बंद. शिट्टी, फाऊल. पुन्हा खो मिळाला, पुन्हा तेच. मैत्रिणी बसल्या जागेवरून ओरडत होत्या, "बोल की गं! बोल!" आणि मला वाटत होतं, यांना कुणीतरी गप्प करा, माणूस झोपलाय. अख्ख्या पाठलागात आम्हाला त्यांचे दोनच गडी बाद करता आले.

मधल्या सुट्टीत सर लालबुंद. "काय झालं गं तुला? निघत व्हता की आवाज!"

"आप्पा झोपलेत," मी म्हटलं.

सरांनी तिकडे बघितलं. "मंग उठवतो की त्यांना."

"नगं सर. आज रातीला परत डूटी हाय."

आई पाण्याची कळशी घेऊन जवळच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आप्पांजवळ गेली, त्यांच्या खांद्यावरचं उपरणं ऊन लागू नये असं तोंडावर सारखं केलं. मला वाटलं, संपलं. आईनं झोप निवडली. बरोबरच केलं तिनं. मी सणसवाडीला जाईन, आप्पांचे पाय राहतील. खरं सांगते, मला तेव्हा हायसंच वाटलं.

दुसरा पाठलाग सुरू झाला आणि मी बघते तो आई भिंतीपाशी नाही. डोक्यावरचा पदर दातात धरून ती पंचांच्या मागून, पोरांच्या घोळक्यातून, अख्ख्या मैदानाला वळसा घालून पलीकडे गेली होती. चारचौघांत कधी उभी न राहिलेली माझी आई खांबाच्या मागे एकटी येऊन उभी राहिली, आमच्या अंगणातलं कुंपण असावं तितक्या लांब. हात खाली. माझ्याकडे बघत. मैदानाच्या गोंगाटात अर्धा आवाज तिथवर पोचणार नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे माझी लबाडी तिनं केव्हाच ओळखली होती.

खो मिळाला. मी पळाले. थाप टाकली. पोट आत घेतलं.

"खोऽऽ!"

पलीकडे आईचा हात वर गेला. आणि अलीकडे, भिंतीपाशी, आप्पा ताडकन उभे राहिले. उपरणं खाली पडलं, एक हात हवेत दिवा शोधतोय. "आलो! आलो!" ते ओरडले, तेही यार्डातल्या आवाजात. सगळं मैदान खो खो हसलं. मला हसायला वेळ नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी पळत होते, ओरडत होते. त्या डावात मी एकटीनं तीन गडी मारले. आप्पा शेवटपर्यंत उभेच राहिले.

आम्ही एका गड्यानं हरलो.

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीला डोकं टेकून झोपले. कंडक्टर तिकिटांच्या पेटीवर चिमटा वाजवत आला तर आईनं त्याला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. खड्डा आला की आम्ही दोघी एकदम त्यांच्याकडे बघायचो.

वार्षिक तोंडीला माझी कविता शेजारच्या वर्गात ऐकू गेली. नववी निघाली, दहावी निघाली, पुढं मी मास्तरीण झाले, आणि नोकरी लागली ती शिरूरजवळच. आता पालकसभेत मी सांगते, की प्रगतिपुस्तकावर नुसती सही करून पाठवू नका, मैदानावर या, गॅदरिंगच्या तालमीला येऊन बसा. वर्गात हरवलेलं मूल पुष्कळदा तिथंच सापडतं, पण कडेला घरचं कुणीतरी लागतं. पालक माना डोलावतात. काही जण येतातही, सणसवाडीहून रात्रपाळी करून, कंपनीचा शर्ट तसाच अंगावर. त्यातल्या कुणाची मान कलताना दिसली की माझा जीव खालीवर होतो. यांना इथं बोलावलं कुणी? मीच. मुलाला मिळतं ते कुणाच्या तरी झोपेतून मिळतं, हे मी सभेत सांगत नाही. सांगायला हवं, असं दर वर्षी वाटतं.

आज मात्र या मोडक्या ओट्यावर बसल्यावर सामना आठवत नाही. आठवते ती त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

साडेआठ वाजले, घंटी वाजली नाही. नऊ वाजले. आईनं चहाचं पाणी दोनदा उतरवलं. मी ओट्यावर बसून होते आणि माझ्याच खोचा आवाज माझ्या कानात घुमत होता. एसटीतले दोन तास, घरी आल्यावर दोन तास, एवढीच झोप घेऊन माणूस डब्यांच्या मधे शिरला होता. साडेनऊला ओळीच्या तोंडाशी सायकल दिसली. सायकलवर कॉलवाला होता, एकटाच. तो आमच्याच दाराकडे आला. आई बाहेर आली, पण तिनं काही विचारलं नाही. विचारायला तिचा आवाजच फुटला नाही. शेवटी मीच विचारलं, आणि ते इतक्या मोठ्यानं विचारलं गेलं की कॉलवाला दचकला.

"आप्पा कुठं हायेत?"

"अगं, हायेत की! बदलीवाला आला न्हाई, थांबावं लागलं. दुपार व्हईल म्हनून सांगाया धाडलंय."

आई तिथंच खाली बसली. मी शाळेत गेले नाही. उरलेली सकाळ तशीच धास्तीत गेली, कारण थांबावं लागलं म्हणजे अजूनही ते डब्यांच्या मधेच होते. बाराच्या पुढं केव्हातरी ते आले, चालत, सायकल हातात धरून. बसायचा धीर झाला नाही म्हणाले. मी पाय बघितले. दोन्ही होते.

ते तसेच अंथरुणावर पडले. आई फडकं घेऊन दाराकडे निघाली.

"पैला डाव म्या बघितलाच न्हाई," आप्पा डोळे मिटून म्हणाले. "कसा झाला गं?"

"आधी झोपा," आई म्हणाली.

"झोपतुयच की. तिला बोलू दे."

मी सांगायला लागले. आधी हळू. ते म्हणाले, "ऐकू येत न्हाई." मग मी मोठ्यानं सांगितलं, कोण कुठल्या चौकात बसली होती, नाणेफेक कुणी जिंकली, माझे फाऊल किती झाले, सगळं. दुसऱ्या पाठलागापर्यंत आले तेव्हा त्यांचा हात चादरीवरून घसरला आणि श्वास लांब झाला. मी थांबले. आईकडे बघितलं. तिचं बोट ओठांकडे निघालं होतं, ते तिनं मधेच खाली घेतलं.

"मंग पुढं?" ती म्हणाली, चांगलं मोठ्यानं.

मी पुढचं सांगितलं, पोटातून, शेवटच्या शिट्टीपर्यंत. आप्पा उठले नाहीत.